खोक्याच्या आतला आकडा

कारखान्यातल्या लोकांनी त्याला कानसेन म्हणायला सुरुवात केली तेव्हा ती थट्टा नव्हती. स्पीकर बनवणारा तो छोटासा कारखाना, तीस-बत्तीस माणसं, आणि त्यात हा एकटाच असा, की चालू स्पीकरजवळ कान नेऊन "डावीकडे डिंक कमी पडलाय" म्हणायचा आणि उघडून बघावं तर खरोखर डावीकडेच डिंक कमी. सव्वीस वर्षं त्याने हेच काम केलं. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, बाकी कुणाच्या तोंडात नव्हतं.

काम काय, तर आकडा काढायचा. घरात गाणी ऐकायला आपण स्पीकरची दोन खोकी आणतो, त्यांच्या पाठीवर वॉट छापलेले असतात. म्हणजे ते बिचारे किती जोर सोसतील, त्याचा आकडा. तो कुणीतरी काढावा लागतो, आभाळातून पडत नाही. निदान पडू नये. कारखान्याच्या मागच्या अंगाला एक बिनखिडकीची खोली होती, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले. तिला सगळे किंचाळखोली म्हणत. तिथे कानसेन स्पीकर पकडीत घट्ट बसवायचा, नळ पूर्ण सोडल्यासारखा एक आवाज त्यात सोडायचा, आणि अर्ध्या अर्ध्या तासाने दोन-दोन वॉट चढवत जायचा. वॉट किती झाले ते मीटर सांगायचं. पण स्पीकरने हार कुठे मानली ते मीटरला कळत नसे. ते सांगणारं वेगळं यंत्र होतं, ते एकदा दुरुस्तीला गेलं आणि गेलं ते गेलंच. मग उरले याचे कान. जोर झेपेनासा झाला की आतली तारेची गुंडाळी चुंबकाला घासायला लागते आणि कागदावरून नख ओढावं तशी बारीक खरखर येते. खरखर आली की एक पायरी मागे यायचं आणि तो आकडा लिहायचा. स्पीकर अर्धा तास घासूनही तग धरतो हो, पण घरी नेल्यावर महिन्या-दोन महिन्यांत जळतो. म्हणून ती पहिली खरखर ऐकू येणं महत्त्वाचं.

थोरल्या मालकांच्या वेळी कानसेनने काढलेला आकडाच खोक्यावर छापला जायचा. अठरा वॉट. सरळ, स्वच्छ अठरा. आणि अठरा वॉटमध्ये तुमची बैठकीची खोली भरून वाहते, खोटं वाटत असेल तर मोजून बघा. पण बाजारात दुसऱ्यांची खोकी आली, त्यांच्यावर दोनशे. मग सहाशे. कानामागून आली अन् तिखट झाली. गिऱ्हाईक दुकानात दोन्ही आकडे बघायचं आणि अठराच्या खोक्याकडे असं बघायचं, जसं काही ते आजारी आहे. आता लिटरभराच्या भांड्यात सत्तर लिटर दूध मावतं असं कुणी सांगितलं तर आपण त्याला वेड्यात काढू. पण स्पीकरवर लिहिलं की मुकाट्याने मान डोलावतो आणि वर शेजाऱ्याला बोलावून दाखवतो. फसवणाऱ्यांना शिव्या घालायच्या त्या घालाच, पण फसणाऱ्यांचाही उत्साह काही कमी नसतो.

थोरले मालक दोन वर्षं तग धरून राहिले. मग एक दिवस ते किंचाळखोलीत आले, दार लावून घेतलं आणि भिंतीवरच्या ट्रेकडे बघत बोलले. "उद्यापासून चारशे छापतोय. बाहेर काय छापायचं ते आता माझ्या हातात राहिलं नाही. तू आत खरं लिही. निदान उघडणाऱ्याला तरी कळू दे."

तेव्हापासून ती पद्धत पडली. काड्यापेटीएवढी चिठ्ठी, त्यावर कानसेनच्या हातचं पेन्सिलीचं 'खरे वॉट १८', खाली सही, आणि ती चिठ्ठी खोक्याच्या पाठीला आतून चिकटवलेली. नमुन्याला मागच्या खोलीत ओरडवायचं, त्यावरून सगळ्या मालाच्या चिठ्ठ्या लिहायच्या. गिऱ्हाइकाला तिचा पत्ताच नसायचा. पण गावातल्या दुरुस्ती करणाऱ्यांना लवकरच कळलं, की या कारखान्याच्या खोक्याचे चार स्क्रू काढले की आत एक माणूस खरं बोलतो. कुणी विचारलं की या खोक्यांना कुठला ॲम्प्लिफायर जोडू, तर ते बाहेरचा आकडा वाचतसुद्धा नसत. स्क्रू काढायचे, चिठ्ठी बघायची, सांगायचं.

या दुरुस्तीवाल्यांत एक मौनी होता. शिंप्याच्या दुकानासमोर, गल्लीत, त्याची टपरीवजा जागा. दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर अंगावर काटा यावा असा माणूस, म्हणून मौनी. पण कानसेन कधी त्या वाटेने गेला की तो उठून स्टूल पुसून द्यायचा. एकदा म्हणाला होता, "मी तुमची चिठ्ठी वाचतो आणि पुढे बोलतो." मौनीच्या तोंडून एवढं म्हणजे भाषणच झालं. कानसेनने ते घरी येऊन बायकोला दोनदा सांगितलं.

थोरले मालक गेले, धाकटे मालक आले. धाकटे मालक वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही उगाच त्यांच्यावर सगळं ढकलून मोकळे व्हाल. त्यांनी बाहेरच्या आकड्याची रीत बसवली. पापणी लवायच्या आत संपणारा जोर धरायचा, तो दोन खोक्यांचा म्हणून दुप्पट करायचा, आणि मग शेजारच्याने जेवढा छापलाय त्याच्याहून शंभर जास्त. असा तो आकडा बाराशेवर जाऊन बसला, सोनेरी अक्षरांत. त्या संचाला वीज पुरवणारा जो काळा ठोकळा भिंतीत खोचायचा, तोच मुळी चाळीस वॉटचा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण भिंतीतल्या ठोकळ्यावरची बारीक अक्षरं वाचतो कोण?

कानसेनला याचा त्रास होत नसे असं नाही. पण त्याने मनाशी वाटणी करून टाकली होती. बाहेरचं खोकं मालकाचं, आतली चिठ्ठी माझी. माणसाला आयुष्यात काड्यापेटीएवढी जागा मिळाली तरी पुरते, असं तो म्हणायचा.

चार वर्षांपूर्वी नव्या चुंबकाचा माल आला. पहिल्याच तपासणीत कानसेनला वीस मिळाले. पुढच्या वर्षी चोवीस. मग सव्वीस, आणि यंदा चक्क तीस. तो हरखून गेला. "अगं, चुंबक सुधारलंय," जेवताना बायकोला म्हणाला. "खरा आकडा वर चाललाय. बघ तू, एक दिवस आतलं खरं बाहेरच्या खोट्याला गाठेल." हिशेब केला असता तर त्याला चारशे वर्षं लागली असती, पण आशेला भागाकार कुठे येतो?

"हळू बोला, ओरडताय कशाला," बायको म्हणाली.

ती हे दोन वर्षं म्हणत होती. टीव्ही खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातो म्हणत होती. तो म्हणायचा, हल्लीचे नट पुटपुटतात. दाराची घंटा ऐकू येत नाही म्हटलं तर म्हणायचा, तिचा सेल उतरलाय. तिने दोनदा सेल बदलला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते असं. पण त्याला तरी कसा दोष देऊ? ज्याला सव्वीस वर्षं लोकांनी कानसेन म्हणून हाक मारली, त्याने बाकी सगळ्या जगाचा आवाज बसलाय असंच समजायचं, नाही का?

मग एका दुपारी मौनी कारखान्यात आला. तो आजवर तिथे कधी आला नव्हता. पिशवीतून त्याने तीन स्पीकर काढून टेबलावर ठेवले. तिन्हींच्या गुंडाळ्या काळ्याठिक्कर. शेजारी तीन चिठ्ठ्या ठेवल्या, कानसेनच्याच अक्षरातल्या. तीस, तीस, तीस.

"पंचवीसचा ॲम्प्लिफायर जोडा म्हणालो," मौनी म्हणाला. "जळाले."

"तारा उलट्या जोडल्या असतील."

मौनीने नाही म्हणून मान हलवली.

"मग लोकांनीच काही तरी केलं असेल. लोक वाट्टेल ते करतात."

"तिघांच्या घरी मी स्वतः जोडले," मौनी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर कानसेनला बरं वाटलं असतं. "समोरचा शिंपी आता माझ्याशी बोलत नाही. त्यातला एक त्याचा होता."

तो गेल्यावर कानसेन त्या गुंडाळ्यांकडे बराच वेळ बघत बसला. चिठ्ठीवर विश्वास ठेवून कुणाचं वाटोळं झालं, असं सव्वीस वर्षांत पहिल्यांदा घडलं होतं.

सुटीच्या दिवशी सकाळी त्याने एक कोरा स्पीकर, छोटा ॲम्प्लिफायर आणि मीटर घरी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलं. बायको भाजी निवडत होती.

"इथे बस जरा. कान जवळ आण."

"मला काय कळतं त्यातलं?"

"काही कळायला नको. कागदावरून नख ओढल्यासारखं वाजलं की हात वर कर. बस."

त्याने दहापासून सुरुवात केली. नळाचा आवाज स्वयंपाकघरभर पसरला. घरी अर्धा अर्धा तास कोण थांबणार, दोन-दोन मिनिटांनी तो चढवत गेला. बारा. चौदा. सोळा. अठरावर बायकोने हात वर केला.

"अजून नाही," तो म्हणाला. "तू घाई करतेस."

"अहो, वाजतंय ना."

"काही वाजत नाही. पुन्हा."

दुसऱ्यांदा त्याने तिला मीटरकडे पाठ करून बसवलं. अठरा. तिसऱ्यांदा मीटरवर पंचा टाकला आणि मधेच उलटसुलट बटण फिरवलं, जणू बायको त्याला फसवायला टपलेली होती. अठरा. म्हणजे एक पायरी मागे, सोळा. चुंबक सुधारलं नव्हतं, उलट हलकं आलं होतं. जुनं अठराचं सोळावर घसरलं होतं, आणि तो तीस लिहीत होता.

तो चढवतच गेला. बाविसाला बायकोने तोंड वाकडं केलं. सव्विसाला तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. त्याच्या कानात मात्र नितळ पाणी वाहत होतं. बत्तिसावर त्याला कुठेतरी लांबून, दोन भिंतींपलीकडून यावी तशी, ती ओळखीची खरखर आली. तोवर स्पीकरला जळका वास सुटला होता.

बायकोने पुढे होऊन बटण बंद केलं. "मी दोन वर्षं सांगतेय," ती म्हणाली. मग तिचं तिलाच वाईट वाटलं असावं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुन्हा भाजी निवडायला बसली, पण निवडलेली नि न निवडलेली एकाच ढिगात टाकत राहिली.

कानाच्या डॉक्टरकडे तो गेला, नाही असं नाही. त्या बाईने कागदावर उतरत गेलेली रेघ दाखवली. वरचे बारीक आवाज गेलेत, ते परत येत नाहीत, म्हणाली. काम काय करता, असं विचारलं आणि उत्तर ऐकून पुढे काही विचारलं नाही. ज्या खोलीत त्याने दुसऱ्यांच्या सोसण्याचा आकडा काढला, त्या खोलीने त्याचाही काढला होता. कानाला यंत्र लावलं तर बोलणं ऐकू येईल, ती म्हणाली. आणि ती नखाची खरखर? ते तिला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी तो धाकट्या मालकांपुढे जाऊन उभा राहिला. रात्रभर वाक्यं जुळवली होती, पण बोलताना सगळी एकदम बाहेर पडली. माझे कान गेलेत. दोन वर्षांच्या चिठ्ठ्या खोट्या आहेत, कदाचित चारही वर्षांच्या. दुरुस्तीवाल्यांना कळवा. मला हवं तर पॅकिंगला बसवा, पण मागच्या खोलीत चांगल्या कानाचं माणूस ठेवा.

धाकट्या मालकांनी त्याला खुर्चीवर बसवलं. चहा मागवला. शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलले, कारण माणूस खरोखरच वाईट नव्हता.

"काका, तुम्ही उगाच जिवाला लावून घेता. बाहेर बाराशे छापतोय. आत तीस काय नि सोळा काय."

"आतलं खरं असायचं, मालक. तुमच्या वडिलांनी—"

"त्याचंच सांगतोय." त्यांनी खणातून एक नवं लेबल काढून पुढे सरकवलं. सोनेरी बाराशेच्या खाली एक निळी चौकट होती. 'तपासनीसाने स्वतः ऐकून तपासलेले. खरे वॉट ३०.' आणि त्याखाली कानसेनची सही, चिठ्ठीवरून उचलून छापलेली. "लोक तुमच्या चिठ्ठीवर भरवसा ठेवतात हे मला कळलंय. मग ती आत लपवायची कशाला? पुढच्या महिन्यापासून आत आणि बाहेर दोन्हीकडे. छापून आलंय."

कानसेन ती सही बघत राहिला. हुबेहूब त्याची होती.

"यावर सोळा करा," तो म्हणाला. "तेवढं तरी करा. मी पाया पडतो."

"सोळा छापलं तर कोण घेईल, काका? तीस म्हणजे कसं, खरं वाटतं." त्यांनी चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. "आणि दुसरं माणूस मला नको. नवे कान ठेवले तर ते सोळाच ऐकणार. मला तुमचेच कान बरे. तुम्ही निवृत्तीपर्यंत आहात तिथे राहा, जसं करताय तसंच करा."

सव्वीस वर्षं ज्या कानांसाठी त्याला ठेवलं होतं, ते गेल्यावर आता गेलेत म्हणून ठेवलं होतं. तो उठून किंचाळखोलीत गेला आणि आवाज न सोडता नुसताच बसला. तिथे इतकी शांतता असते हे त्याला माहीत नव्हतं. ती खोलीची की त्याच्या डोक्यातली, तेही त्याला ठरवता येईना.

आठवडाभर त्याने हट्टाने पेन्सिलीने सोळा लिहिलं. पॅकिंगच्या बाई त्या चिठ्ठ्या हळूच काढून त्यांच्या जागी छापील तीस चिकटवत होत्या. त्यांना तसं सांगितलेलं होतं, त्यांचाही पोटाचा प्रश्न होता. सोळाच्या चिठ्ठ्या त्यांनी फेकल्या नाहीत. रबरबँड लावून गठ्ठा त्याच्या डब्यापाशी ठेवला. आभाळच फाटलं तर ठिगळ लावणार कुठे? त्याने लिहिणं बंद केलं.

आता एकच करण्यासारखं होतं. संध्याकाळी तो मौनीच्या गल्लीत गेला. दुकान उघडं होतं, समोर शिंप्याचं मशीन चालू होतं. मौनी उठला, पण स्टूल पुसलं नाही, नुसतं पुढे केलं.

कानसेनने सगळं सांगितलं. कान, बायकोचा हात, निळी चौकट, सही. "मी काही थांबवू शकत नाही," तो म्हणाला. "तू एवढं कर. चिठ्ठीत तीस दिसलं तर सोळा समज. बाकीच्यांनाही सांग."

मौनी काहीतरी बोलला.

"काय?"

मौनीने पुन्हा सांगितलं. त्याचे ओठ हललेले दिसले, आणि शिंप्याच्या मशीनची घरघर.

"जरा मोठ्याने," कानसेन म्हणाला आणि हात कानामागे धरला. असा हात त्याने आजवर कधी धरला नव्हता.

मौनी उभा राहिला. ज्याने दिवसाला दहा वाक्यं बोलायची, त्याने छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला. गल्लीला दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, आणि तोंडावर मात्र नुसतं दुःख होतं.

"म्हणजे बाहेरच्याला सत्तराने भागायचं आणि तुमच्याला दोनाने, एवढंच ना."

शिंप्याचं मशीन थांबलं. कानसेनने मान हलवली. हो, एवढंच. सव्वीस वर्षं त्याच्या आकड्याला कुणी कशानेच भागलं नव्हतं. तो स्टुलावरून उठला, सोळाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा खिशातून काढून मौनीच्या टेबलावर ठेवला आणि घरी निघाला. मागून मौनीने बहुतेक त्याला हाक मारली असावी.